रेकॉर्डींची कव्हरं

चिरंजीव थोरल्यास आईचा आशीर्वाद.

"सगळी गाणी फोनमध्ये आहेत, बाबांच्या रेकॉर्डी विकून टाक," म्हणून तू नुसतं डोकं उठवलंस रे! मला वाचता येत नव्हतं, तेव्हा मी रेकॉर्डी भलत्याच कव्हरात घालायची. तुझे बाबा चिडायचे. शेवटी वैतागून त्यांनी त्या कव्हरांवरूनच मला अक्षरं शिकवली. फोनमधल्या गाण्यांना कुठलं आलंय कव्हर?

म्हणून काल तू पाठवलेला माणूस यायच्या आत सगळ्या रेकॉर्डी मुद्दाम भलत्याच कव्हरात घातल्या. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, हे निवडत कोण बसणार?"

"मी बसते की सावकाश, महिनाभर. मला वाचता येतं!"

गेला बाई एकदाचा!

हे पत्र धाडत नाही, एका कव्हरातच ठेवते. तू कशाला उघडतोयस!

तुझी हट्टी आई