अकराव्या श्लोकापासून पायी

१० फेब्रु., मंगळ., भडगाव
अक्का ओट्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड. लेक धुळ्याहून गाडी घेऊन आली, ऑपरेशन तिकडेच. मी त्यांच्या पुढच्या खोलीतला भाडेकरू, म्हणून उचलायला मीच. गाडीत ठेवल्यावर हात सोडेनात. वाटलं दुखतंय. तर म्हणे, "सांजले तू रिकामाच ऱ्हास. पोरेस्ले बसाड. रामरक्षा बंद पडाले नको." म्हणजे पोरांचा संध्याकाळचा वर्ग मी घ्यायचा.
हो म्हणालो. अशा वेळी माणूस काहीही हो म्हणतो.

११ फेब्रु., बुध.
राममंदिराच्या सभामंडपात गेलो. सतरा पोरं, पाच ते नऊ वर्षांची. अक्का बालवाडीतून रिटायर झाल्यापासून रोज सहाला हा वर्ग घेतात. आधी दिव्याची प्रार्थना, मग रामरक्षा, मग गोष्ट. अडतीसपैकी दहा श्लोक पोरांना पाठ. मला एकही नाही. पुस्तक उघडून वाचलं तर पलक (मारवाडी गल्लीतली, किराणा दुकानवाल्यांची, वय ७) म्हणाली, "भाऊ, तुम्ही पण शिकायला आले का?"
नंतर नानांनी बोलावलं. नाना म्हणजे मंदिराचे अध्यक्ष. एप्रिलपासून मंडप ट्यूशनवाल्याला द्यायचा विचार आहे. म्हणाले, म्हातारी काही परत बसणार नाही, आणि तू किती दिवस टिकशील ते गावाला माहीत आहे. पण रामनवमीला पोरांनी माईकवर अख्खी रामरक्षा म्हटली तर वर्ग राहील. अक्कांच्या लेकीला फोन केला, तिला हे सांगितलं. ती म्हणाली, आईला कळू देऊ नका, तिच्याकडे आता तेवढंच आहे.

१३ फेब्रु., शुक्र.
शून्य. पोरं खांबाला लोंबकळतात. खरं सांगू तर मलाच मांडी घालून दहा मिनिटं बसवत नाही. बारावीला दोनदा नापास झालो, आयटीआय अर्ध्यावर सुटलं ते पण बसण्यापायीच. साक्रीच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकायचो तेव्हा बरं होतं, दिवसभर उभा. आता इथे दोस्ताच्या दुकानात बसून काचा बदलतो. कुठे भरकटलो. तर शून्य.

१४ फेब्रु., शनि.
आज एक झालं. साडेसहाला दोस्ताचा फोन, डेअरीवरून दूध आणून दे. पोरांना एकटं कसं सोडणार, घेतली सोबत. रांग करून. गप्प चालावीत म्हणून अकरावा श्लोक म्हणत निघालो. मंदिराच्या पायरीपासून डेअरीपर्यंत किती वेळा झाला कोण जाणे. परत येताना बंटी (वय ५, नाकाला कायम शेंबूड) न चुकता म्हणाला. बंटी!
उद्या बारावा. डेअरीपासून पुढे.

२३ फेब्रु., सोम.
जमेल त्या दिवशी एक श्लोक, एक जागा पुढे. तेरावा कटिंगच्या दुकानासमोर, चौदावा हापशावर, पंधरावा पिठाच्या गिरणीपाशी (तिथे ओरडूनच म्हणावा लागतो). मागचे सगळे म्हणत जायचं, नव्या जागेवर थांबून नवा शिकायचा. रात्री मी पुस्तकातून दुसऱ्या दिवसाचा पाठ करतो, खोलीत फेऱ्या मारत. परतीच्या वाटेवर गोष्ट.
कटिंगवाले आबा आम्ही आलो की आता वस्तरा थांबवतात. गिऱ्हाईक अर्धी दाढी तसंच ऐकतं.

४ मार्च, बुध.
कालचा रंग अजून सगळ्यांच्या कानामागे. खारीची आणि सेतूची गोष्ट काढली. बोलता बोलता सेतूवरून गिरणा नदीच्या पुलावर गेलो, तिथून वरच्या धरणावर, तिथून मी एकदा ट्रकमागे बसून मालेगावला गेलो होतो त्यावर. घर आलं तरी खार वाळू घेऊन उभीच. पलकने दारातून सुनावलं, "भाऊ, रामाने तिच्या पाठीवर हात फिरवला की नाही तेवढं सांगून जा." सांगितलं. मग गेली.
बंटीने विचारलं, रामाचा हात ओला होता का. मला काय माहीत. पण समुद्रावर होता म्हणजे असणार. हो म्हणालो.

११ मार्च, बुध.
नाना दुचाकीवर आडवे आले. सतरा पोरं, मागे दोन आया, एक म्हातारा उगाच. नाना म्हणतात, "हाई वर्ग शे का वरात?" मी म्हणालो, नवरदेव कोण ते सांगा. हसले नाहीत.
बरोबरच आहे त्यांचं, बाहेरून वरातच दिसते. पण एकोणतिसावा झाला आज. माझ्या हातून आजवर कोणती गोष्ट एकोणतिसाव्यापर्यंत गेली?

२० मार्च, शुक्र.
अडतीस. सगळे. शेवटचा कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी, गावाच्या टोकाला. पोरं नाचली, मीही. पलकचा बाप दुकानातून शेंगदाण्याची चिक्की घेऊन आला, सतरा अधिक एक मोजून. अक्कांना फोन केला. आधी नुसतं हं हं. मग म्हणाल्या, "मना जीवले बरं वाटनं."

२१ मार्च, शनि.
लिहावंसं वाटत नाही.
नानांनी मंडपात रंगीत तालीम लावली. सतरंजी, माईक, पोरं मांडी घालून ओळीत. पहिले दहा सणसणीत, ते अक्कांनी बसवून शिकवलेले. अकराव्याला बंटी गप्प. मग सगळी गप्प. मी सुरुवात करून दिली, एक ओळ आली, पुन्हा बंद. पलकचे डोळे भरले. म्हणाली, "भाऊ, येतं. पण पाय हलत नाही ना."
रोज चालत म्हटलंय. एकदा, एकदा तरी बसवून म्हणून घ्यायचं डोक्यात आलं नाही. अठ्ठावीस जागा शोधत बसलो हुशारीने, आणि ही मुख्य जागाच...
नाना आवाज न चढवता बोलले. म्हणाले, पाच दिवस आहेत, नाव छापलंय पत्रिकेत, पण तू पोरांचं हसू करू नको. त्या बाईचंही.
नवमीला तरी चालत म्हणू द्या म्हणालो. देवासमोर पोरं मंडपात बसूनच म्हणतात, म्हणाले.

२२ मार्च, रवि.
पळालो. खोटं कशाला लिहू. सकाळची चाळीसगावची एस.टी., पाठीवर बॅग. तिथून रेल्वे धरून नाशिक, तिथे एक ओळखीचा आहे.
एस.टी.त खिडकीशी डोळे मिटून बसलो. डोक्यात तेच चालू. अकरावा. डेअरी दिसली. कॅन उघडल्याचा वास. तेरावा, आबांचा आरसा. मी तिथे बसलेला, ढुंगणाखाली एस.टी. हलतेय आणि मी भडगावातून पायी जातोय. एकेक श्लोक जागेवर उभाच होता. जिनिंगच्या भिंतीपर्यंत गेलो. मांडीवर बॅग, पाय हललेले नाहीत.
चाळीसगाव स्टेशनवर बाकावर पुन्हा एकदा केलं, खात्रीसाठी. गाडी आली, गेली. शेजारच्या बाईने विचारलं, तुमची नव्हती का?
साडेबाराची परतीची एस.टी.

२३ ते २५ मार्च
फक्त एकच काम. मंडपात बसायचं, डोळे मिटायचे, चालायला लागायचं. बंटीने विचारलं, चपला घालायच्या का. घाल म्हणालो. मनात. पहिल्या दिवशी सोळापर्यंत. दुसऱ्या दिवशी तिसापर्यंत. आज दोनदा पूर्ण, एकदा मध्येच फसलं. पोरं गिरणीपाशी अजून ओरडतातच, राहू दे.

२६ मार्च, गुरु., रामनवमी
सकाळी अकरा. मंडप भरलेला, बायका पाळण्याच्या बाजूला. धुळ्याला अक्कांच्या लेकीने व्हिडिओ कॉल लावलेला, मोबाईल मी खांबाला सुतळीने बांधला.
डोळे मिटले सतरा जणांनी. दहा. अकरा. गेले पुढे. बाराव्यानंतर कटिंगच्या दुकानाला वळण आहे, तिथे सतरा माना एकदम डावीकडे. लोकांत खसखस. पंधराव्याला आवाज फुटला, माईकने शिट्टी मारली. मी खांबामागे, घामाने चिंब.
चोविसाव्याच्या आधी सगळे थांबले. एकदम. नाना उठायला लागले. आणि मिटल्या डोळ्यांनी सतरा पोरांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.
मोठा रस्ता. तिथे रोज थांबवायचो मी. ट्रक जाऊ द्यायचे.
मग रस्ता ओलांडला आणि चोविसावा सुरू. अडतिसापर्यंत कुठेच थांबले नाहीत.
कटिंगवाले आबा रडत होते, विचारलं तर नाही म्हणून सांगतील. नाना पुन्हा खाली बसले होते. जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटताना नानांनी माझ्या हातावर दोनदा ठेवला.
ही पोरं मी शिकवलीत. एकदा लिहून ठेवतो. मी.

२९ मार्च, रवि., धुळे
अक्कांना भेटून आलो. चालायचा वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत. लेकीची तक्रार, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, ही पलंग सोडत नाही. अक्कांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, म्हण. मी तिसऱ्या श्लोकाला उठलो, खोलीत फेऱ्या. त्या बघत राहिल्या. मग टॉवेल काढायला लावला. मी पुढे, त्या मागे, एका श्लोकाला चार पावलं. दारापर्यंत सातवा.
दारात दम खायला थांबल्या. म्हणाल्या, "मी आते भडगावले येवाव नही. तुले समजस ना?"
समजतं म्हणालो. वर्ग पुढे चालू राहणार, हे त्यांना नानांनी स्वतः फोनवर सांगितलं होतं. कोण घेणार ते सांगितलं नव्हतं. त्यांनीही मला विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, पुढे मारुतीचं स्तोत्र असतं.

१ एप्रिल, बुध.
नानांनी कागद दिला. जूनपासूनची नवी नावं, अकरा. मी म्हणालो, बघतो. म्हणे, "तुनं बघनं आम्हले माहीत शे."
नाशिकवाल्याचा मेसेज, कामाची जागा पंधरा तारखेपर्यंत ठेवतो. त्यालाही बघतो लिहिलं.
संध्याकाळी पोरांना सोडल्यावर पुलावरून गिरणेपलीकडे गेलो, उगाच. केळीचा बाग, विहिरीच्या मोटारीचं घर, एक चिंच, पुढे वीटभट्टी. मारुतीच्या स्तोत्राला किती जागा लागतील पाहत होतो. तेरा सापडल्या. चिंचेच्या पुढे रस्ता खराब आहे, लहान पोरांना जमेल का बघावं लागेल.