नंदाची सही आणि पितरांचा पंधरवडा

शनि. ६ सप्टें.
समोरची नंदा घर विकतेय! चहा पिता पिता सांगितलं. तिचे यजमान अशोकभाऊ गेल्यापासून मॉर्गेजचे हप्ते थकलेत, बँकेची पत्रं येतायत. कोणी डॅरेन, इन्व्हेस्टर. दारातून पत्रक टाकलं होतं. घर स्वस्तात घेणार आणि हिला तिथंच भाड्यानं ठेवणार.
"अगं, स्वतःच्या घरात भाडेकरू?"
"माणूस चांगला आहे विमल. न सांगता बूट काढून आत आला."
कप्पाळ माझं! तीस वर्षं लंडनच्या हॅरोत राहून माणूस ओळखायचं माप अजून बूट. लीड्सला मुलगा आहे, निनाद, त्याला पत्ता नाही. म्हणे, पोराला कशाला घोर.

सोम. ८
डॅरेन कागद घेऊन आला. मी मुद्दाम जाऊन बसले. गोडबोल्या. नंदानं पोहे केले, अर्थातच. त्यानं पेन पुढे केलं आणि माझ्या तोंडून निघालं, "नंदा, पितृपक्ष लागला ना गं आज?"
चटका बसल्यासारखं पेन टाकलं तिनं. पितृपक्षात घराची सही? शक्यच नाही. डॅरेनला मी समजावलं, "अँसेस्टर्स. टू वीक्स." तो म्हणाला, "राइट."
मी बौद्ध. कावळ्याला घालतेस ते मला घाल, म्हणून आयुष्यभर तिला चिडवलं. घरी येऊन एकटीच हसत बसले.

गुरु. ११
नंदाला ओढत लायब्ररीतल्या फुकट सल्ला केंद्रात नेलं. तिथल्या बाईंनी पत्रक पाहिलं आणि भुवया वर. घर घेऊन मालकालाच भाड्यानं ठेवायचा धंदा लायसन्सशिवाय करता येत नाही. दारात पत्रकं टाकायलाही बंदी. वर सहीआधी चौदा दिवस विचाराला द्यायलाच हवेत. लायसन्सवाल्यांच्या यादीत डॅरेनचं नाव कुठेच नाही.
"चौदा दिवस?" नंदा म्हणाली. "म्हणजे सरकारसुद्धा पाळतंय की!"
बाई आम्हाला हसताना बघत राहिल्या. बँकेकडे मुदत मागणारं पत्र त्यांनीच लिहून दिलं.

सोम. १५
नंदा फुगलीय. "तुझा विश्वास नाही, आणि माझ्या पितरांना मध्ये घातलंस." खरंय. लाज वाटली. माफी मागितली. तरी म्हटलं, पितृपक्ष नसता तर पोह्यांत मीठ जास्त झालं म्हणून भांडले असते, पण सही करू दिली नसती.
तिनं चहा टाकला. मग, "गुरुवारी ह्यांची तिथी. जेवायला ये. आणि बाहेर पान तूच ठेवायचंस."
ही शिक्षा!

गुरु. १८
ठेवलं पान. कावळा नाही, खार आली आणि वडा घेऊन पळाली. नंदा म्हणाली, "चालेल. ह्यांनाही धीर नसायचा."
जेवताना डॅरेनचा फोन. आज हो म्हणा, नाहीतर ऑफर गेली. नंदानं हात पुसले, शांतपणे विचारलं, "डॅरेन, आर यू लायसन्स्ड?" फोन कट. पोट दुखेपर्यंत हसलो.
मग एकदम तिचा चेहरा उतरला. "आता बँकेनं घर घेतलं तर गं?"
"आधी निनादला फोन लाव."
नाही म्हणाली. मीच लावला आणि तिच्या हातात दिला.

रवि. २१
निनाद सकाळच्या ट्रेननं आला. दारातच, आपल्या मोडक्या मराठीत, "आई, मला का नाय सांगितला?"
"तू बिझी असतोस रे."
"तू विचारली कधी?"
नंदा रडली. तोही. मी उगीच भांडी घासली.
बँकेचं उत्तर अजून नाही. निनाद म्हणतो, घर ठेवू, नाहीतर विक्रीचा बोर्ड लावून नीट भावानं विकू, पण दोघं मिळून ठरवू. नंदा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. कपाटातून सगळी पत्रं काढून त्याच्यासमोर ठेवली. अर्धी तिनं स्वतःही उघडलेली नव्हती. आता दोघं टेबलाशी बसून एकेक पाकीट फोडतायत.