तुला काय वाटतं?

मंगळवार, ४ मार्च
मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत आज एकाची भर — प्रशिक्षण केंद्रातल्या खुर्च्या! चार-चार एकत्र ठोकलेल्या. मला माणसं गोल करून बसवायची असतात: नर्स, हवालदार, वकीलबाई, सगळे समोरासमोर. मार खाऊन आलेल्या बाईशी कसं बोलावं, हे एकमेकांच्या मानेकडे बघून शिकता येत नाही. शिपाई म्हणाला, "मॅडम, चौकोन चालेल का?" चालवला. मोकळेपणाने बोला म्हटलं, तर सगळे दाराकडे बघायला लागले.

बुधवार, ५ मार्च
आजचा पाठ: सल्ला द्यायचा नाही. बाई आधीच कुणाच्या तरी हुकमावर जगत असते, त्यात आपली भर नको. तिने "मी काय करू?" विचारलं, की आपण विचारायचं — "तुम्हाला काय वाटतं?"
हवालदार म्हणाले, "मॅडम, तिला कळत असतं तर आमच्याकडे कशाला आली असती?"
"चोर कोण हे तुम्हाला तरी कुठे माहीत असतं? तरी येतात ना लोक!"
हशा. तेही हसले. चहा बरा होता.

शुक्रवार, ७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा फोन. नवरा मारतो हे मला यंदा कळलं. तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. या वेळी मनगट सुजलंय.
"ताई, मी काय करू गं?"
मी जिन्यात उभी. आवाज आपोआप खाली उतरला, मऊ झाला — वर्गातला आवाज! म्हटलं, "तुला काय वाटतं?"
ती म्हणाली, "बरं. ठेवते."
निर्णय तिचा. दबाव नाही. पाठ अगदी बिनचूक वठला. डब्यात उरलेली भाजी संपवली आणि दुपारच्या सत्राला गेले.

सोमवार, १० मार्च
दोन दिवस ती फोन उचलत नव्हती. आज संध्याकाळी त्याने उचलला. "ताई, ती झोपलीय." दिवेलागणीला! मी "बरं" म्हटलं. आणखी काय म्हणणार? पुष्कळ काही, पण म्हटलं नाही.
मला काहीच वाटत नाहीये. भीती वाटायला हवी हे कळतंय. कुणी विचारलं तर लक्षणं क्रमवार सांगेन.

मंगळवार, ११ मार्च
आजही "झोपलीय."

बुधवार, १२ मार्च
शेवटचा दिवस. प्रमाणपत्रं, फोटो, "फार शिकायला मिळालं मॅडम". निघता निघता एका नर्सने विचारलं, "आणि समोर आपलीच बहीण असली तर?"
"तर समुपदेशन करायचं नाही. तिला समुपदेशक दुसरी मिळेल, बहीण दुसरी मिळणार नाही."
हे उत्तर मी वर्षानुवर्षं देते आहे. माझ्याच पुस्तिकेत आहे, चौकटीत, ठळक अक्षरांत. आजही सगळ्यांनी माना डोलावून लिहून घेतलं. मी फळा पुसायला वळले. पुसत राहिले.
नर्स म्हणाली, "मॅडम, झालाय की स्वच्छ."

गुरुवार, १३ मार्च
तो कामावर गेल्यावर गेले. दार तिनेच उघडलं. मनगटाला ओढणी गुंडाळलेली. चपला न काढताच त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर दिलं — "माझ्याकडे चल. आत्ता."
ती आत गेली आणि लगेच बॅग घेऊन आली.
"इतक्यात भरलीस?"
"तुला फोन करायच्या आधीच भरली होती, ताई."
बॅग मी घेतली.