हरणाबाईला वाचून न दाखवलेले प्रकरण

मी, उमाबाई केशव शेंडे, वय वर्षे सत्तावन्न, माहेर वाई, राहणार सांगली, व्यवसाय कादंबऱ्या लिहिणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय दुबळे झाले आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे.

१. राहते घर पुतण्या मधू व त्याची पत्नी पद्मा यांचे समाईक. मधूने माझ्या आठ कादंबऱ्यांपैकी एकही वाचलेली नाही, तरी चारचौघांत "आमच्या काकूंचं पुस्तक" म्हणून मिरवतो. सबब पुस्तके त्याला मिळणार नाहीत. लबाड आहे, पण आजारपणात माझे पाय त्यानेच चेपले.

२. पुस्तके, लिहिण्याचे उतरते मेज, दौत आणि टाक पद्माला. माझे गिचमिड अक्षर लागते ते फक्त तिलाच.

३. आता हरणाबाई. ही म्हसवडची. पंधरा वर्षे माझ्याकडे धान्य निवडायला येत होती. मी कृष्णेच्या घाटावर वाढलेली, त्यामुळे माझ्या कादंबरीतल्या बाया ऊठसूट नदीवर जात. हिच्याच माण तालुक्यातल्या रखमालाही मी भर उन्हाळ्यात नदीवर धाडले होते. ते मोठ्याने वाचून बघत होते, तर ही फसकन हसली. "आवं काकू, आमच्यात प्यायाला पाणी न्हाई, आन् तुमची रखमा रोज डुंबतीया व्हय?" मी ओशाळले. ते प्रकरण फाडले.

तेव्हापासून प्रत्येक प्रकरण आधी तिच्यापुढे वाचायचे, मग छापखान्यात द्यायचे. तिचे हात ज्वारी निवडत राहिले की प्रकरण फसले. हात थांबले की जमले. कितीदा नापास झाले, सांगायची सोय नाही.

घरामागची खोली, जिला वेगळे दार आहे, ती हरणाबाईने हयातभर वापरावी. येईल की नाही, ठाऊक नाही. कारण पुढे आहे.

४. तिचा नवरा जोतीराम पलटणीत होता. बेचाळीस साली तो मलायात बेपत्ता झाल्याचा कागद आला. लढाई संपली, गावचे बाकीचे परत आले, तो आला नाही. माझी शेवटची कादंबरी मी हरणाबाईवरच बेतली. शेवटून दुसऱ्या प्रकरणात शिपाई मेल्याचे लिहिले आणि त्याच्या बायकोचे कुंकू पुसले. वाचताना हरणाबाईचे हात थांबले. मला मेलीला वाटले, जमले! तिने सूप खाली ठेवले. "माजं कुकू पुसायचं तुमास्नी कुनी सांगितलं, काकू?" एवढे बोलून गेली. दोन महिने झाले, फिरकलेली नाही. शेवटचे प्रकरण तिने ऐकलेच नाही.

बाविसाव्या वर्षी माझे कुंकू पुसले, तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. तो राग मी आठही कादंबऱ्यांत काढला, आणि हरणाबाईला मात्र मीही विचारले नाही. मला याची फार लाज वाटते.

सबब हे हस्तलिखित हरणाबाईच्या मालकीचे. शेवटची दोन प्रकरणे काढून टाकावीत. शेवट तिने सांगावा, पद्माने लिहावा. हरणाबाई चुलीत घाला म्हणाली, तर मधूने अक्कल न पाजळता चुलीत घालावे.

५. हे कलम आत्ता वाढवले. वकील विष्णुपंत लिमये मसुदा वाचून दाखवीत होते, तेवढ्यात पद्मा हरणाबाईला घेऊन आली. मला न विचारता! हरणाबाई खाली बसली. सूप ओढून ज्वारी निवडू लागली. चौथे कलम आले आणि तिचे हात थांबले.

मग म्हणाली, "त्येला मारू नगा, आन् परतबी आणू नगा. ती रोज दाराची कडी काडून ठिवती, येवढंच ल्हिवा."

मला रडू आवरेना. "सरका तिकडं," ती म्हणाली, "जवारी भिजंल."

विष्णुपंत म्हणतात, असले बोलणे मृत्युपत्रात शोभत नाही, खोडा. मी खोडणार नाही. आणि मधू, झोपण्यापूर्वी घरभर फिरून कड्या लावायची तुझी सवय मला माहीत आहे. मागच्या खोलीच्या दाराला हात लावायचा नाही.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून सही केली.

उमाबाई केशव शेंडे

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. विष्णुपंत लिमये, वकील
२. तात्याबा जाधव, शेजारी

(हरणाबाईचाही अंगठा घ्यायचा होता. पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही म्हणतात.)

मुक्काम सांगली, ता. ९ डिसेंबर १९४६