आधी रिकामं पोतं

३ मार्च
पुन्हा तेच! काचेच्या नळीतल्या पाण्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू, त्यात सोडलेलं पॉलिपेप्टाइड — म्हणजे प्रथिनाची धाकटी बहीण, अमिनो आम्लांची साखळी. तासाभराने पाणी तपासलं तर निम्मी साखळी गायब. म्हणजे तंतूंना चिकटली. पण साखळीवर धन भार आणि तंतूंवरही धनच! दोघांनी एकमेकांचं तोंड पाहायला नको खरं तर. गाइड मॅडम खूश. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा म्हणाल्या. मी हवेत.

५ मार्च
बाबांचा खोकला जात नाही. छातीचा फोटो काढा म्हटलं की विषय बदलतात. तीस वर्षं पत्र्यांच्या कारखान्यात हेच तंतू त्यांनी पोत्यांतून तोलले. मी हा विषय उगाच नाही घेतला. श्वासातून गेले की फुप्फुसात रुतून बसतात ते. फार भीती वाटते.

६ मार्च
जेवताना बढाई मारली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिकामी नळी तपासलीस का? आम्ही आधी रिकामं पोतं तोलायचो, मग भरलेलं."
मी हातातला घास ताटात ठेवला. तंतूंशिवाय, नुसत्या काचेच्या नळीत साखळी सोडून मी कधी पाहिलंच नव्हतं!

७ मार्च
पाहिलं. तंतू नाहीत, तरी निम्मी गायब. काचेवर ऋण भार — ही बया काचेलाच जाऊन बसत होती! चोर सोडून संन्याशाला सुळी. तीन महिने पाण्यात, अगदी शब्दशः.
मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी आकडे पाहिले. मग म्हणाल्या, "छापून आल्यावर कळलं असतं तर? नळ्या बदल." बस्स, एवढंच! जिन्यावर बसून पोटभर रडले, मग डबा खाल्ला.

८ मार्च
बाबा खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, एवढी हुशार तू, रिकामी नळी कशी राहिली? म्हटलं, बहुतेक पाहायचंच नव्हतं मला.
त्यांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला.

९ मार्च
काचेऐवजी प्लास्टिकच्या नळ्या घेतल्या. तंतू असूनही साखळी पाण्यातच. सुटले!

१२ मार्च
माझ्या टेबलावर बंद लिफाफा. बाबा कुणाला न सांगता छातीचा फोटो काढून आले होते. "तूच वाच," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी अहवाल दोनदा वाचला. कुठेही डाग नाही.
"बाबा," म्हटलं, "पोतं रिकामं आहे."