मॉर्मन व्यापारी आणि अर्बाबचा कहवा

४ फेब्रुवारी, रविवार. इब्री, ओमान

चहा सोडला! यांनी! सकाळचा कप तसाच परत. "मॉर्मन माणूस चहा-कॉफी घेत नाही," म्हणे. मी म्हटलं, अहो, तुम्ही कुडाळचे!

चूक माझीच. तेलकंपनीतला एक अमेरिकन इंजिनियर मायदेशी जाताना पुस्तकांचं खोकं आमच्या हार्डवेअरच्या दुकानात टाकून गेला. त्यात एझ्रा नावाच्या मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, व्यापाऱ्याचं चरित्र. यांचं इंग्रजी नळ-पाइपांपुरतं, माझं कॉन्व्हेंटचं. म्हणून रोज संध्याकाळी मी वाचते आणि मराठीत सांगते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. धर्मावरून लोकांनी हाकलला, संसार हातगाडीवर लादून हजार मैल ढकलत नेला, वैराण मुलखात खिळे-नांगर-कापडाचं दुकान थाटलं. परत कधी गेला नाही.

"अगदी माझ्यासारखा," हे म्हणाले.

तुम्ही विमानाने आलात! खिडकीची जागा मागून!

६ फेब्रुवारी

"परत कधी गेला नाही" — हे वाक्य यांनी दोनदा वाचायला लावलं. मी घाईने पान उलटलं.

सोळा तारखेला आमचे अर्बाब, म्हणजे इथले ओमानी मालक, मुस्तफा यांच्याकडे सह्या. दुकान त्यांच्या नावावर, चालवतो आम्ही. नवा करार पाच वर्षांचा. आधीच एकोणतीस झाली! मला पुण्याला जायचंय. आमच्या लेकीचा, अंतराचा, यश यंदा शाळेत जाऊ लागला. फोनवर "हॅलो आजी, बाय आजी" एका दमात. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहायचंय मला. आमच्या कॉन्व्हेंटच्या फाटकाशी माझी आजी उभी असायची, पदरात आवळे घेऊन, आणि सिस्टर फिलोमिना तिलाही "गुड आफ्टरनून" म्हणायला लावायच्या.

यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. दुकानात यांचा जीव आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुकानातली हातगाडी घेऊन हे चौकापर्यंत गेले. सिमेंटची गोणी लादून. "एझ्राला काय वाटलं असेल ते बघतो." मागे छत्री धरून धनंजय — आमचा सेल्समन, वय बावन्न, चिपळूणचा. पोलिसाने आपली गाडी थांबवून विचारलं, "सदीक (म्हणजे दोस्ता), गाडी खराब?"

रात्रभर कंबरेला बाम.

११ फेब्रुवारी

एझ्राला तीन बायका! सातवा धडा पूर्ण त्यावरच. गाळला. "सहानंतर एकदम आठ?" यांनी विचारलं. वाळवी लागलीय म्हटलं. देवा, माफ कर.

१३ फेब्रुवारी

यांनी फोटो शोधून काढला. मधे दाढीवाला, आजूबाजूला तिघी. मी उठून आत गेले. बाहेरून ओरडले, "अगं, मला एकीलाच उत्तरं देता येत नाहीत!"

चहा अजून बंद. गरम पाणी बशीत ओतून, फुंकून पितात.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

घोळ! महाघोळ!

अर्बाबकडे मी बायकांच्या खोलीत हलवा खात होते. धनंजय दाराशी आला, चेहरा पांढरा. "वहिनी, कॉफी चालत नाही म्हणून शेठनी कहवा घेतला नाही. पेला तसाच खाली ठेवला!"

"मग काय झालं?"

"इकडे तसा ठेवला म्हणजे पाहुण्याला काही मागायचं असतं! यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही. सगळी बैठक त्या पेल्याकडे बघायला लागली. अर्बाब म्हणाले, 'बोलो जयप्रकाश, क्या मंगता? पहले हाँ बोल दिया, अभी पियो!'"

"यांना ठाऊक नव्हतं?"

"कसं असणार? एकोणतीस वर्षं पुढे आला की पितातच!"

"मागितलं काय?"

"अर्बाबनी आम्हाला सगळ्यांनाच बाहेर पाठवलं ना!"

गाडीत यांना विचारलं तर म्हणाले, "मागितलं एक." पाच नाही, दहा वर्षं मागितली असणार. मी खिडकीबाहेर बघत राहिले. डोळे पुसले ते एसीच्या वाऱ्यामुळे, असं सांगितलं.

१७ फेब्रुवारी

सकाळी अर्बाब स्वतः आले, खजुराचा डबा घेऊन. "मदाम, नया करार नहीं, खलास. जयप्रकाश बोला, मदाम को छोटा बच्चा का स्कूल का गेट पे खड़ा होना मंगता."

फाटकाचं मी कुणाला सांगितलं होतं? अंतरालासुद्धा नाही. फक्त या वहीत —

अहो! वाचत असाल तर कपाटावरची मोठी बॅग काढून ठेवा.