शिक्का माझा, हात दुसऱ्याचा

मी, तोकतोबेक असानकुल उलू, वय एकाहत्तर, बांधकाम अभियंता, राहणार नारिन, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहते घर व म्हातारा कुत्रा मुलगी नुरझामाल हिला. कुत्र्याला दात उरलेले नाहीत, हाडे घालू नयेत.

२. शेजारी ओरोझबाय नऊ वर्षांपूर्वी माझी शिडी घेऊन गेला. ती आता त्याचीच.

३. नदीपलीकडच्या नव्या शाळेचे तळमजल्याचे खांब कच्चे आहेत. ऑपरेशनला जाताना टेबलाच्या खणाची किल्ली मी मेदेरकडे दिली. वीस वर्षे हाताखाली वाढवलेला, पोटच्या पोरासारखा. त्याने माझा शिक्का काढून शाळा भूकंपात टिकेल असा दाखला दिला. विचारले तर म्हणाला, "उस्ताद, एवढं काय मनाला लावून घेताय? भूकंप काय उद्याच येतोय?"

"पोरं तर उद्याच येतायत ना रे," मी म्हटले.

केसाने गळा कापला त्याने माझा. बांधकाम कचेरीत गेलो, तर साहेबाने दाखल्यावरचा माझाच शिक्का माझ्यापुढे धरला. "आजोबा, ऑपरेशननंतर विसरायला होतं माणसाला." मुख्याध्यापिकाबाईंनी वर्ग अजून जुन्या इमारतीतच ठेवले आहेत, पण सप्टेंबरात नवी शाळा उघडायचा हुकूम आहे. मेदेर खरे बोलल्याशिवाय तो हुकूम फिरणार नाही. तोवर जगलो, तर शाळेच्या फाटकात खुर्ची टाकून बसेन.

४. काँक्रीट ठोकून पाहायचा हातोडा मेदेरला. तो चालवायला मीच त्याला शिकवले. शिक्का मी चुलीत घातला आहे.

५. कामाच्या पहिल्या दिवशी तळहात वर करून मी मेदेरला आशीर्वाद दिला होता. तो परत घेतो. 

६. माझ्या जनाज्यात रीतीप्रमाणे विचारतील, "हा माणूस कसा होता?" सगळे रीतीप्रमाणेच "चांगला होता" म्हणतात. या वेळी कोणी तोंड उघडू नये. शाळेतल्या मुलांच्या आईबापांना बोलवावे आणि त्यांच्यासमोर मेदेरने सांगावे, "शिक्का त्यांचा होता, हात माझा होता." एवढे बोलला, तर पाचवे कलम रद्द समजावे. नाही बोलला, तर पोरे त्या खांबांखाली बसणार. मग मला चांगला म्हणू नका. तसाच पुरा.

नारिन, १४ जून २०१९

साक्षीदार:
१. बुर्मा सादिकोवा, मुख्याध्यापिका
२. मुल्ला शारशेन. प्रश्न मीच विचारणार आहे.

लिहून ठेवणार: तोकतोबेक असानकुल उलू
(फक्त सही. शिक्का नाही.)